विहारपथ झाला, आता तिथवरची वाट करा



मुंबईच्या किनारी रस्त्यालगतचा विहारपथ ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि बऱ्याच वर्षांनी या शहराने पायी चालणाऱ्यांसाठी काहीतरी मोठे केले. पहिल्या टप्प्यात प्रियदर्शिनी पार्क ते हाजी अली आणि बडोदा पॅलेस ते वरळी असे दोन तुकडे मिळाले, मिळून सव्वापाच किलोमीटर. पूर्ण पथ साडेसात किलोमीटरचा, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या दुप्पट. रुंदी वीस मीटर आणि चालणाऱ्यांच्या जोडीला सायकलींसाठी मार्गिका.

त्याचा आनंद मोकळेपणाने सांगायला हवा. हाजी अलीच्या बाजूने चालताना भर समुद्रात उभा असलेला दर्गा दिसतो, वरळीकडे गेले की सागरी सेतूच्या तारा. मुंबईत सलग दोन-अडीच किलोमीटर चालायचे आणि वाटेत एकही रस्ता ओलांडायचा नाही, उखडलेली फरशी चुकवायची नाही, फुटपाथवर चढलेल्या मोटारसायकलीला वळसा घालायचा नाही, ही गोष्ट गुडघेदुखीच्या माणसाला विचारावी. लहान मुलांना सायकल शिकवायला या शहरात जागाच कुठे उरली होती? मुंबईतली किती मुले सायकल न शिकताच मोठी होतात! त्यांच्यासाठी हा पथ म्हणजे खरोखरची मिळकत आहे.

पण तिथे पोहोचायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर उद्घाटनाबरोबर मिळाले नाही. शहर आणि विहारपथ यांच्या मधे किनारी रस्ता आहे. त्यावर पादचारी, सायकली, दुचाकी आणि रिक्षा यांना बंदी आहे. वाहनांचा वेग पाहता ती योग्यच आहे. म्हणून विहारपथाची दारे म्हणजे पादचारी भुयारी मार्ग. सुरुवातीला चार उघडले. त्या भुयारी मार्गांच्या तोंडापर्यंत माणसाने कसे यायचे, याचा विचार मात्र रस्त्याच्या आराखड्याइतक्या बारकाईने झालेला दिसत नाही.

मरीन ड्राइव्हचा कट्टा रोज संध्याकाळी का भरतो, हे पाहिले तर मुद्दा लक्षात येईल. समुद्र तर दोन्हीकडे आहे. पण चर्चगेट, मरीन लाइन्स आणि चर्नी रोड ही पश्चिम रेल्वेची तीन स्थानके मरीन ड्राइव्हला लागून आहेत. नालासोपाऱ्याचे कुटुंब लोकलचे तिकीट काढते, उतरते आणि दहा मिनिटांच्या आत कट्ट्यावर बसते. त्यासाठी गाडी लागत नाही, टॅक्सी लागत नाही, कोणाला विचारावेही लागत नाही. मरीन ड्राइव्ह साऱ्या मुंबईचे झाले त्यात रेल्वेचा वाटा समुद्राइतकाच आहे.

आता हाजी अली घ्या. जवळचे रेल्वे स्थानक महालक्ष्मी. तिथून केशवराव खाड्ये मार्गाने, रेसकोर्सच्या कडेने, साधारण दीड किलोमीटर. एवढेच अंतर विहारपथावर लोक हौसेने दोनदा चालतात; इथे मात्र उड्डाणपुलाचे काम, अरुंद फुटपाथ आणि शेवटी हाजी अलीचा तो चौक, जिथे ताडदेव, पेडर रोड, वरळी आणि महालक्ष्मीकडची वाहतूक एकत्र येते. म्हातारी माणसे आणि कडेवर मूल असलेली आई टॅक्सीच करणार. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. तिची वरळी, विज्ञान केंद्र आणि महालक्ष्मी ही स्थानके याच भागात आहेत. तिथून समुद्राकडे नेणारी सलग, सपाट आणि झाडांच्या सावलीची पायवाट आखली, सिग्नलला रस्ता ओलांडायला पुरेसे सेकंद दिले आणि ठळक फलक लावले, तर खर्च किनारी रस्त्याच्या तुलनेत नगण्य येईल. तो रस्ता सुमारे १४ हजार कोटींचा आहे.

सायकलींची गोष्ट याहून अवघड. मूळ आराखड्यात सुमारे १,८०० मोटारींसाठी भूमिगत वाहनतळ धरले होते. आता सायकलवाल्याने घरून मार्गिकेपर्यंत कुठून यायचे, हेही तितक्याच गांभीर्याने ठरवावे. या शहरात सायकल चालवणारे म्हणजे केवळ रविवारी पहाटे हेल्मेट घालून निघणारे नव्हेत. डबेवाले आहेत, पाववाले आहेत, रात्रपाळी संपवून घरी जाणारे पहारेकरी आहेत. त्यांना वरळी नाका, लोअर परळ, ताडदेव यांना जोडणारी मार्गिका मिळाली तर विहारपथ फिरण्यापुरता न राहता येण्याजाण्याचा मार्ग होईल. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सायकल मार्गिका झाली होती. ती आसपासच्या वस्त्यांशी जोडलीच गेली नाही आणि तिच्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. तीच गत इथे होऊ नये.

उलट बाजूने सांगितले जाईल की काम झाले, आराखडा आता बदलत नाही. हे खरे नाही. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी क्लीव्हलँड बंदरातून होड्या नीट जाव्यात म्हणून चिकाटीने लढा दिला आणि किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधले अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतले. समुद्रात खांब उभारायची योजना बदलू शकते, तर जमिनीवरचा फुटपाथ रुंद करायला अडचण कसली?

पाण्याकाठचा पथ पाण्यात भराव घालून करायचा नाही, हेही ध्यानात असावे. पवई तलावाकाठचा सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि भराव काढायला लावला. वरळीला भराव आधीच झाला आहे. त्यासाठी समुद्र आणि कोळ्यांची मासेमारी यांनी किंमत मोजली आहे. निदान त्यातून मिळालेली जागा सर्वांच्या आवाक्यात असावी.

विहारपथ खुला झाला त्याच आठवड्यात वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळींजवळच्या जांबोरी मैदानापासून समुद्र फार लांब नाही. मधे ॲनी बेझंट रोड आहे. त्या घरांतल्या आजी संध्याकाळी एकट्या चालत विहारपथावर जाऊन परत येऊ शकतात का, ही महापालिकेने स्वतःला लावायची कसोटी आहे. त्यासाठी सुरुवात दोन ठिकाणी करावी: महालक्ष्मी ते हाजी अली हा पायी रस्ता, आणि वरळी नाक्यापासून भुयारी मार्गापर्यंतची वाट. स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि बसायला सावली यांची सोय त्याबरोबरच व्हावी. महापालिकेने या कामांचे वेळापत्रक जाहीर करावे, आणि प्रभागातल्या वाचकांनीही ते लेखी मागावे, ही विनंती.

— एक वाचक, परळ, मुंबई