फाशीच्या घोषणेआधी साक्षीला उभे राहा

औराद, कमलनगर, भालकी, हुलसूर, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, अफजलपूर भागातल्या बंधू-भगिनींनो,

गावात एखाद्या लेकीवर अत्याचार झाला, कुणाचा निर्घृण खून पडला, की दुसऱ्या दिवशी दुकानांची शटरं खाली येतात, तहसील कचेरीवर मोर्चा जातो आणि निवेदनातली पहिली मागणी ठरलेली असते: आरोपीला भर चौकात फाशी द्या. त्या रागाला मी नावं ठेवत नाही. ज्या गावाला असा राग येत नाही, त्या गावात राहू नये. पण मी फौजदारी खटले चालवणारा वकील आहे. मोर्चा पांगल्यावर पुढची पाच-सात वर्षं त्या खटल्याचं काय होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर घडतं. म्हणून पुढचा मोर्चा निघायच्या आत हे लिहितो आहे. निवेदनातून फाशीची ओळ काढा आणि जे खरोखर मागायला हवं ते मागा.

मोर्चात सर्वांत पुढे घोषणा देणारा माणूस तीन वर्षांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो, तेव्हा काय होतं ते सांगतो. सरकारी वकील त्याला पंचनामा दाखवतात. तो खाली मान घालून म्हणतो, "सही माझी हाय, पण ठाण्यात बोलवून घेतली. आत काय लिवलंय मला ठावं नाही." त्याला फितूर जाहीर केलं जातं. उलटतपासणीत पंधरा प्रश्न विचारले जातात आणि पंधरा वेळा "खरं नाही" असं उत्तर येतं. त्याच्या मागे बाकावर मेलेल्या पोरीचा बाप बसलेला असतो. साक्षीदार भित्रा असतोच असं नाही. आरोपीच्या भावकीच्या शेताला त्याचा बांध लागून असतो, मुलीचं लग्न ठरायचं असतं, मध्यस्थ घरी येऊन गेलेले असतात. आणि त्याने खरोखरच कोऱ्या कागदावर सही केलेली असते, कारण त्या वेळी कुणी त्याला "वाचून सही कर" म्हटलेलं नसतं.

याचा शेवट कुठे होतो हे कर्नाटकाने पाहिलं आहे. तेव्हाच्या कोलार जिल्ह्यातल्या कंबालपल्लीत मार्च २००० मध्ये सात दलितांना जिवंत जाळलं. देशभर संताप उसळला. साक्षीदार फिरले आणि २००६ मध्ये सगळे आरोपी सुटले. कायद्यात तेव्हाही फाशी होतीच. उलट, आपल्याच कल्याण कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात, मरकुंबीत २०१४ साली दलित वस्तीवर हल्ला झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोप्पळच्या न्यायालयाने १०१ जणांना दोषी धरलं आणि त्यांपैकी ९८ जणांना जन्मठेप दिली. निकालाविरुद्ध अपिलं झाली आहेत, तो त्यांचा हक्क आहे. पण दहा वर्षं खटला उभा राहिला आणि तडीस गेला, हे महत्त्वाचं. तिथे कुणाच्याही गळ्यात दोर पडला नाही.

फाशीच्या बाजूचं सर्वांत भक्कम म्हणणं आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातूनच येतं, आणि ते टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. साईबण्णाच्या खटल्याची हकीकत अशी. १९८८ मध्ये त्याने पहिल्या बायकोचा खून केला. जामिनावर असताना दुसरं लग्न केलं. १९९३ मध्ये जन्मठेप झाली. १९९४ मध्ये महिनाभराच्या पॅरोलवर सुटला आणि त्या सुटीत दुसऱ्या बायकोचा आणि चिमुकल्या मुलीचा जीव घेतला. त्याला पहिल्याच खुनासाठी लटकवलं असतं तर त्या दोघी वाचल्या असत्या, असं कुणी म्हणालं तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही.

पण पुढचंही ऐका. कलबुर्गीच्या सत्र न्यायालयाने दिलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कायम केली. दयेचा अर्ज सात वर्षांहून अधिक काळ लोंबकळला आणि २०१३ मध्ये फेटाळला गेला. बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात त्याला वर्षानुवर्षं एकांत कोठडीत ठेवलं होतं, कायद्यात तशी मुभा नसताना. अखेर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हा विलंब आणि हा बेकायदा एकांतवास पाहून फाशीची जन्मठेप केली. गुन्हा १९९४ चा आणि शिक्षेचा शेवटचा शब्द २०२३ चा. एकोणतीस वर्षं मृतांच्या माणसांनी "आज होईल, उद्या होईल" यात काढायची, आणि शेवटी हाती तेच, जे पहिल्या दिवशीही देता आलं असतं.

त्या बायकोला आणि मुलीला दोराच्या अभावाने मरण आलं, असं मला वाटत नाही. एक बायको मारलेल्या माणसाला दुसऱ्या बायकोच्या दारात मोकळं सोडताना तिच्या जिवाची काळजी घेतली गेली नाही, म्हणून त्या गेल्या. यावर उपाय आज हातात आहे. कर्नाटकातल्याच एका खून खटल्यात, स्वामी श्रद्धानंद प्रकरणात, २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मधला रस्ता काढला: फाशी नाही, पण मरेपर्यंत तुरुंग, शिक्षेत सूट नाही. आपण ही शिक्षा मागू शकतो. पॅरोलवर सोडण्याआधी पीडितेच्या घरच्यांना विचारा, हे मागू शकतो. एकाही निवेदनात ही मागणी माझ्या वाचनात आलेली नाही.

आणि चूक झाली तर? नाशिकजवळच्या २००३ च्या दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना फाशी ठोठावली गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी पक्की केली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष ठरवलं. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते, आणि ती गोष्ट दडवली गेली होती. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई मिळाली. दोर ओढला गेला असता तर ते पाच लाख कुणाला दिले असते? आणि खरे गुन्हेगार? ते तर सोळा वर्षं मोकळेच होते.

फासावर चढण्याची वेळ कुणावर येते, तेही बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरांतले होते. आपल्या सीमाभागात त्यात आणखी एक अडचण आहे. दोषारोपपत्र कन्नडात, साक्षी कन्नडात, वरच्या कोर्टातले कागद इंग्रजीत. कोर्टाच्या व्हरांड्यात दोषारोपपत्राचा गठ्ठा पदरात धरून बसलेली आई विचारते, "साहेब, ह्यात माझ्या लेकाचं नाव कुठं हाय तेवढं दाखवा." तिचा लेक गुन्हेगार असेलही. पण ज्या खटल्यात जीव जाऊ शकतो, त्याचा एक शब्दही घरच्यांना कळू नये, हे मला पटत नाही. आरोपीला समजेल अशा भाषेत साक्ष उलगडून सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. वकिलांनी ते मागून घ्यावं. आणि "याचं वकीलपत्र कुणी घेणार नाही" असे ठराव करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो: असे ठराव रद्दबातल आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. वकिलाविना झालेली शिक्षा अपिलात टिकत नाही. त्या ठरावाने तुम्ही आरोपीलाच मदत करता.

आता आपल्याच भागातल्या मूरकी गावाबद्दल. १३ जुलै २०१८. हैदराबादहून मित्राच्या गावी, हंडीकेऱ्याला आलेल्या तरुणांनी शाळेतल्या पोरांना चॉकलेटं दिली. त्या दिवसांत पोरं पळवणारी टोळी आल्याचे निरोप मोबाईलवर फिरत होते. संशय आला, बाचाबाची झाली, त्यांनी गाडी काढली. निरोप गाडीच्या पुढे मूरकीला पोहोचला. रस्ता अडवला गेला, गाडी उलटली, आणि शेकडो लोकांनी काठ्या-दगडांनी मारायला सुरुवात केली. मोजक्या पोलिसांनी अंगावर मार झेलून तिघांना वाचवलं. एक तरुण अभियंता तिथेच संपला. मारणारी ही आपलीच माणसं होती. मराठी बोलणारी, वारीला जाणारी, पोरांवर जीव टाकणारी. त्यांना वाटत होतं आपण पोरं वाचवतो आहोत. भर चौकात फाशी म्हणजे नेमकं काय, ते त्या दिवशी आपल्या भागाने पाहिलं: आरोप, निकाल आणि शिक्षा, सगळं अर्ध्या तासात, आणि आरोप खोटा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशी आहे. म्हणजे हा दोर आपल्या पोरांच्या गळ्यापर्यंतही येतो, हे घोषणा देताना ध्यानात असू द्या.

डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार-खुनाच्या प्रकरणातल्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या तेव्हा बिदरमध्येही पेढे वाटावेसे वाटणारे लोक होते. न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकरांच्या आयोगाने चौकशीअंती सांगितलं की चकमकीची कहाणी विश्वासार्ह नाही, जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते.

लहान मुलींवरच्या अत्याचारात आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो: काका, शेजारी, कधी बाप. अशा घरातली आई माझ्यासमोर बसून पहिला प्रश्न विचारते, "त्याला फाशी तर नाही ना होणार?" होऊ शकते म्हटलं की ती उठून जाते. कडक शिक्षेने पोरीचं तोंड उघडायला हवं होतं, ते असं मिटतं. २०१५ मध्ये विधी आयोगानेही जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक अधिक बसतो याला पुरावा नसल्याचं नोंदवलं आणि दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे सोडून बाकी सगळीकडून ती काढून टाकण्याची शिफारस केली.

जून १९४९ मध्ये संविधान सभेत फाशीच्या अपिलांची चर्चा चालू होती, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी आपला कल मुळात ही शिक्षाच रद्द करण्याकडे असल्याचं सांगितलं होतं. आणि आपल्या बसवकल्याणात तर हरळय्यांची गुहा आहे. चर्मकार हरळय्यांच्या मुलाला ब्राह्मण मधुवरसांनी मुलगी दिली, म्हणून बिज्जळाच्या राजवटीने दोघांना हत्तीच्या पायाला बांधून फरफटत मारलं, असं परंपरा सांगते. त्या दिवशी ती शिक्षा कायदेशीर होती, आणि ती बघायला लोकही जमले असतील. आज आपण त्या दोघांना शरण म्हणून हात जोडतो.

म्हणून मागणी बदला. घटना घडली की पहिल्या दिवशी पीडितेसोबत ठाण्यात जा, फिर्यादीची प्रत मोफत मिळते ती घ्या. नव्वद दिवसांत तपास कुठवर आला हे सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे, ते लेखी मागा. महत्त्वाच्या साक्षीदारांचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायला लावा. पंच म्हणून बोलावलं तर जा, वाचून घ्या, कळत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, आणि मगच सही करा. धमकी आली तर साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून लागू आहे, तिचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो. पीडितेची भरपाई आणि मोफत वकील जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, फोन १५१००. पोरं पळवल्याचा निरोप आला तर पुढे पाठवू नका, ११२ लावा. मोर्चासाठी जमलेल्या वर्गणीतला काही भाग तारखांना येणाऱ्या त्या बापाच्या एसटीभाड्यासाठी बाजूला ठेवा.

आणि समन्स आलं की तारखेला या. मजुरी बुडेल, पण साक्षीदाराला भत्ता मिळतो, तो मागून घ्या. आरोपीकडचा कुणी आदल्या रात्री घरी आला तर सरकारी वकिलांना सकाळीच सांगा, आणि पुकारा झाला की पिंजऱ्यात उभं राहून जे पाहिलं तेवढंच बोला.