मुंबईचे नाव आणि 'बॉम बाहिया'ची दंतकथा

मुंबईच्या नावाची व्युत्पत्ती विचारली की आमचे विद्यार्थी हमखास दोन उत्तरे लिहितात. ग्रीकांनी या बेटांना 'हेप्टानेशिया' म्हटले. पोर्तुगीजांनी 'बॉम बाहिया', म्हणजे चांगला उपसागर. मुंबादेवी येते ती तिसऱ्या क्रमांकावर, आणि तीही 'लोकांची श्रद्धा' म्हणून. हा क्रमच आम्हांस खटकतो.

'हेप्टा' म्हणजे सात, 'नेसोस' म्हणजे बेट. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील टॉलेमीचा हा शब्द मुंबईच्या बेटांविषयी आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. मानले तरी ती दर्यावर्द्यांनी केलेली मोजदाद आहे. ग्रीसच्या पश्चिमेकडील आयोनियन बेटांनाही ग्रीक लोक 'एप्तानिसा', म्हणजे सात बेटे, असेच म्हणतात. मुंबईत राहणाऱ्यांच्या तोंडची नावे निराळी होती: माहीम, वरळी, परळ, माझगाव, कुलाबा. त्यांत कुलाबे दोन, एक थोरले व एक धाकटे. (आमच्या आंजीपुढे कंसात 'मोठी' लिहावे लागते, त्यातलाच हा प्रकार.)

'बॉम बाहिया'ची कथा तर पोर्तुगीज व्याकरणातच अडखळते. 'बाहिया' हा शब्द स्त्रीलिंगी; त्याला 'बोआ' हे विशेषण हवे. 'बॉम बाहिया' म्हणजे मराठीत 'चांगला खाडी' म्हणण्यासारखे झाले. पोर्तुगीज प्रत्यक्षात लिहीत ते 'बोंबाईं'. आता शेजारच्या वसईकडे पाहावे. तिचे त्यांनी 'बासाईं' केले. दोन्हीकडे मराठीतला अन्त्य 'ई' सानुनासिक झाला आहे. वसईच्या नावात मात्र कोणी उपसागर शोधत नाही! शिवाय 1516 च्या सुमारास बार्बोसाने 'ताना-मायांबू' असे रूप नोंदविले. त्यात आरंभीचा 'म' शाबूत आहे. 'मुंबा' हे 'महाअंबा'चे रूप की कोळ्यांच्या देवीचे मूळचेच नाव, यावर वाद अवश्य व्हावा. परंतु तो वाद मराठीच्या अंगणातला आहे.

1995 मध्ये 'बॉम्बे'ऐवजी 'मुंबई' अधिकृत झाले, तेव्हा शहराचे नाव 'बदलले' असे सर्रास लिहिले गेले. मराठीत आणि गुजरातीत ते बदललेच नव्हते. परक्याने नोंदविले ते प्रमाण आणि आपल्या आजीने उच्चारले ते भाबडे, ही समजूत आमच्या वर्गांत अशाच गाइडी उत्तरांतून रुजते. म्हणून प्राध्यापक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. भाषाविज्ञानाच्या तासाला वसई–बासाईं, मुंबई–बोंबाईं या दोन जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि थोडे थांबावे. पुढचे विद्यार्थी स्वतःच सांगतात.