जबडा उघडेना, तर थांबू नका

घरातला कुत्रा जेवणाच्या भांड्याजवळ जातो, वास घेतो आणि मागे फिरतो. जांभई अर्धवट राहते, चेंडू तोंडात धरता येत नाही, कानशिलाला हात लागला की तो कळवळतो. ‘नखरे करतोय’, ‘दात दुखत असेल’ असे म्हणत आपण पंधरा दिवस सहज घालवतो. नेमके हेच दिवस मोलाचे असतात.

चावण्याच्या स्नायूंचा दाह हा कुत्र्यांतील स्नायुदाहाचा एक ठळक प्रकार आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते. जबडा मिटणाऱ्या स्नायूंत ‘टू-एम’ नावाचे खास तंतू असतात. पायांच्या स्नायूंत ते नसतात. प्रतिपिंडांचा रोख या तंतूंवरच असतो. त्यामुळे कुत्रा चालतो-फिरतो, पण तोंड उघडू शकत नाही. सुरुवातीला कानशिले सुजतात. पुढे सूज उतरते आणि आपल्याला वाटते, बरा झाला. प्रत्यक्षात स्नायू झिजत असतात, त्यांच्या जागी न ताणणारी घट्ट ऊती तयार होत असते. एकदा ती तयार झाली की औषधाचाही फारसा उपयोग होत नाही.

धनुर्वात किंवा डोळ्यामागचे गळू यांतही तोंड उघडत नाही. म्हणून अंदाज नको, तपासणी हवी. रक्तातील टू-एम प्रतिपिंडे आणि गरज पडल्यास स्नायूचा तुकडा तपासून निदान होते. मुख्य औषध प्रेडनिसोलोन. ते महागडे नाही. मात्र ते कित्येक महिने, मात्रा हळूहळू कमी करत द्यावे लागते. तहान, भूक आणि लघवी वाढली म्हणून घाबरून किंवा कुत्रा जेवू लागला म्हणून निर्धास्त होऊन गोळ्या मध्येच बंद केल्या, तर आजार उलटतो.

घरच्यांनी तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. जबडा जोर लावून उघडू नये. तो मोडू शकतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. त्या कुत्र्यांना घातक ठरू शकतात. आणि लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात हात घालू नये. आपल्याकडे रेबीजची शंका आधी दूर व्हायला हवी. तो निर्णयही पशुवैद्यकाचाच.

मुक्या जनावराला दुखणे सांगता येत नाही, पण न उघडणारे तोंड पुरेसे बोलके असते. ते दिसले, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.