काट्यावर न दिसणारी प्रगती

बाईने व्यायाम सुरू केला की आठवड्याभरात प्रश्न येतो, "किती कमी झालं?" किलो हा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही. शेजारची भाभी विचारते, नणंद विचारते, लग्नात भेटलेली लांबची खाला विचारते. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या बायकांचा व्यायाम आळसाने कमी आणि या प्रश्नाने जास्त बंद पडतो.

गेले सात महिने मी मोबाईलवरच्या वर्गात पिलाटेस शिकते आहे. आठवड्यातून तीन दिवस, फजरनंतर पाऊण तास, मधल्या खोलीत सतरंजीवर. भूमसारख्या तालुक्याच्या गावात बाईने व्यायामाला बाहेर पडायचं तर कपडे, वेळ आणि 'लोक काय म्हणतील' हे तीन अडथळे. घरातल्या वर्गात ते उरत नाहीत. या सात महिन्यांत माझं वजन दोनच किलो उतरलं. काट्याचंच ऐकलं असतं तर सतरंजी केव्हाच गुंडाळली गेली असती.

पिलाटेस हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपणी दम्याने बेजार असायचा. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता, तेव्हा शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला छावणीत डांबलं गेलं. या व्यायामपद्धतीला तिथे आकार आला. तो स्वतः तिला 'कंट्रोलॉजी' म्हणायचा, म्हणजे शरीरावर ताबा मिळवण्याची विद्या. पोट, पाठ आणि कंबरेचे आतले स्नायू, श्वास, आणि थोड्याच पण नेमक्या हालचाली, एवढाच तिचा पसारा. धावण्यासारखी चरबी जाळणं हे तिचं कामच नाही. मग तिचा हिशेब किलोत का मागायचा?

आमच्या भूमचा खवा लांबलांब जातो. भट्टीवाला तो विकताना तोलतो. पण खवा झाला की नाही, हे तो तराजूला विचारत नाही. चिमूटभर बोटांत घेऊन चोळून बघतो. शरीराचंही तसंच आहे. ते काय करू शकतं, हे करून बघावं लागतं.

म्हणून मी एक वही घातली आहे. महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला त्यात चार नोंदी होतात. एका पायावर किती सेकंद उभी राहते: सुरुवातीला ९, आता ३४. छातीशी हात बांधून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठते: तेव्हा ११, आता १७. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का. आणि कंबरेचा घेर. भारतीय बायकांसाठी डॉक्टर ८० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात. मी अजून तिच्या पलीकडे आहे, पण चार सेंटिमीटर अलीकडे सरकले आहे. काट्याला यातलं काहीच दिसलं नाही.

एका पायावर उभं राहणं पोरखेळ वाटेल. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांची हीच परीक्षा घेतली गेली, आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना १० सेकंदही तोल सांभाळता आला नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. तोल गेला म्हणून माणूस मरतो असं नव्हे. पण शरीर आतून किती खचलंय, याची ती खूण असते.

आपल्या घरांत या खुणेचा अर्थ सगळ्यांना कळतो. पन्नाशीतच खुर्चीवर बसून नमाज पढणाऱ्या बायका आता घरोघरी दिसतात. आजारात तशी सवलत आहेच, त्यात कमीपणा नाही. नमाज हा व्यायाम नव्हे, ती इबादत आहे. पण सज्द्यासाठी वाकणारे गुडघे सांभाळण्याची जबाबदारी आपलीच. सज्द्यातून उठताना मला भिंतीचा आधार लागायचा, आता लागत नाही. मला विचाराल तर सगळ्यात मोठी प्रगती हीच.

कुणी म्हणेल, मग वजन बघूच नये का? बघावं, साखर असलेल्यांनी तर बघावंच. पण महिन्यातून एकदा, आणि जोडीला रक्तदाब आणि तीन महिन्यांची साखरही बघावी. शिवाय फक्त पिलाटेसवर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. पिलाटेस यातल्या दुसऱ्या खात्यात जमा होतं, चालणं वेगळं करावंच लागतं.

दुसरा आक्षेप असा की आकड्यांचंच वेड लागतं. खरं आहे. रोज दहा हजार पावलांचा जो दंडक सांगतात, तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावावरून रुजला. म्हणून आकडा दुसऱ्याचा नको, आपलाच मागच्या महिन्याचा हवा. रमजानमध्ये माझे आकडे जागच्या जागी राहिले. ते तसेच लिहिले आणि ईदनंतर पुढे सुरू केलं.

आपल्या घरांत बायका खूप नोंदी ठेवतात. दुधाचा हिशेब, मुलांच्या लसी, सासूच्या गोळ्यांच्या वेळा. त्यात तिच्या स्वतःच्या शरीराचं पान कुठेच नसतं. ते पान घालायला पैसे लागत नाहीत आणि कुणाची परवानगीही लागत नाही. वही, पेन, घड्याळ आणि एक खुर्ची पुरे. आणि घरातल्यांनी तिला काही विचारायचंच असेल, तर "किती सेकंद?" असं विचारावं.