मानक खुले, वापर परवान्याचा : डिजिटल रेडिओपुढील पेटंटचा प्रश्न

नवी दिल्ली : खासगी एफएम केंद्रांना डिजिटल प्रसारणाची वाट मोकळी करणाऱ्या शिफारशी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारला सादर केल्या. चार महानगरे व ‘ए’ वर्गातील नऊ शहरांपासून आरंभ, सध्याच्या एफएमसोबतच डिजिटल प्रसारण आणि संपूर्ण देशासाठी एकच तांत्रिक मानक, हा त्यांचा गाभा आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर ही शहरे पहिल्या टप्प्यात येतात. मानक कोणते असावे, यावर प्रसारण क्षेत्रात दीर्घकाळ चर्चा सुरू आहे. मात्र या चर्चेत एक प्रश्न मागे पडतो. निवडलेल्या मानकातील आवाज ऐकण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर कोण लिहू शकेल आणि कोणाच्या परवानगीने?

डिजिटल रेडिओत आवाज आहे तसा पाठवला जात नाही. प्रक्षेपणापूर्वी तो संक्षिप्त केला जातो आणि संचात पुन्हा उलगडला जातो. या पद्धतीला ‘कोडेक’ म्हणतात. भारतापुढील दोन प्रमुख पर्यायांपैकी ‘डीआरएम’ या मानकात २०१४ पासून ‘एक्सएचई-एएसी’ हा कोडेक समाविष्ट आहे. ‘एचडी रेडिओ’ या अमेरिकी पद्धतीचा कोडेक स्वतंत्र आणि खासगी मालकीचा आहे.

येथे दोन संकल्पनांची गल्लत होते. डीआरएमचे मानक प्रकाशित असून कोणालाही वाचता येते. परंतु ‘प्रकाशित’ म्हणजे ‘निःशुल्क’ नव्हे. त्यातील कोडेकवर अनेक कंपन्यांची पेटंटे आहेत आणि संच बनवणाऱ्या उत्पादकाला त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. ‘एएसी’ कुळातील कोडेकसाठी शुल्क प्रसारणावर नव्हे, तर उपकरणांवर आकारले जाते. त्यामुळे केंद्रांवर थेट भार पडत नाही. तो अखेरीस संच विकत घेणाऱ्या श्रोत्याच्या खिशातून जातो. एचडी रेडिओच्या बाबतीत तर कोडेकचा तपशील प्रकाशित मानकातही नाही. तरीही तंत्रज्ञांनी संकेताची उकल करून ‘एनआरएससी-५’ हा मुक्तस्रोत कार्यक्रम तयार केला.

प्रति उपकरण शुल्काची ही रचना मुक्तस्रोत सॉफ्टवेअरशी मुळातच जुळत नाही. असे सॉफ्टवेअर कोणीही उतरवून घेऊ शकतो, बदलू शकतो व पुढे देऊ शकतो. प्रतींची मोजदादच नसेल, तर शुल्क कशावर आकारणार? फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेने अँड्रॉइडसाठी आपल्या एएसी कोडेकचा स्रोत खुला केला. मात्र पेटंटचा परवाना त्यासोबत मिळत नाही, असे परवानापत्रातच नमूद केले. परिणामी ‘डेबियन’ने तो मुक्त नसलेल्या विभागात ठेवला, तर ‘फेडोरा’ने सुरुवातीला पेटंटचा धोका असलेले भाग वगळलेली आवृत्तीच स्वीकारली. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘एफएफएमपेग’मध्ये एक्सएचई-एएसी उलगडण्याची स्वतःची सोय आली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे डीआरएमने हा कोडेक स्वीकारल्यानंतर सुमारे दहा वर्षांनी.

मुक्तस्रोताला वाव मिळाल्यास काय घडते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तेथे डिजिटल रेडिओ मोठ्या कंपन्यांपुरता मर्यादित होता. ब्रायटन येथे २०१२ मध्ये सामान्य संगणक आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरून प्रसारणाचा प्रयोग झाला. २०१५ मध्ये ‘ऑफकॉम’ या नियामकाने दहा ठिकाणी चाचण्या घेतल्या आणि त्यातून लहान व सामुदायिक केंद्रांसाठी स्वतंत्र परवानापद्धती आकाराला आली. या साधनांतील आवाज संक्षिप्त करणारा भाग फ्राउनहोफरच्या त्याच खुल्या स्रोतावर आधारलेला आहे. सुमारे ५०० सामुदायिक रेडिओ केंद्रे असलेल्या भारतासाठी हा अनुभव दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भारतीय कायद्याची स्थिती संमिश्र आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार निव्वळ संगणक कार्यक्रम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. तथापि तांत्रिक परिणाम साधणाऱ्या शोधाला हा अपवाद लागू होत नाही, अशी भूमिका न्यायालयांनी घेतली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एरिक्सन विरुद्ध लावा या खटल्यात भारतीय मोबाइल उत्पादक लावाला २४४ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. वादातील पेटंटांमध्ये मोबाइलवरील आवाज संक्षिप्त करणाऱ्या पद्धतीची पेटंटेही होती. कोडेकचे पेटंट भारतात केवळ कागदावर राहत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागेल. कमी जागेत स्वच्छ आवाज बसवणारे तंत्र अनेक वर्षांच्या संशोधनातून उभे राहते आणि परवाना शुल्क हा त्या संशोधनाचा मोबदला असतो. शिवाय पेटंटची मुदत संपते. एमपी-३ आणि डॉल्बीचा एसी-३ हे कोडेक २०१७ मध्ये अशा बंधनातून मुक्त झाले. ‘ओपस’सारखा निःशुल्क कोडेक २०१२ पासून उपलब्ध आहे, पण तो डीआरएमच्या मानकात नाही. तो आता आणल्यास रस्त्यावर धावणाऱ्या लाखो मोटारींतील डीआरएम संच निरुपयोगी ठरतील.

आकाशवाणीचा अनुभव याच ठिकाणी बोलका ठरतो. सुमारे ३५ मध्यमलहरी प्रक्षेपक डीआरएमसाठी सज्ज झाले. परंतु मोटारींपलीकडे, घराघरात परवडणारे संच पोहोचले नाहीत. त्यामागे मागणी, उत्पादनाचे प्रमाण आणि सुट्या भागांची किंमत अशी अनेक कारणे आहेत. परवाना शुल्क हे त्यांपैकी एक.

म्हणूनच मानक जाहीर करण्यापूर्वी सरकारला काही बाबी लेखी स्वरूपात मिळवता येतील : पेटंटधारकांची यादी, भारतासाठीचे कमाल प्रति संच शुल्क, तसेच शिक्षणसंस्था, सामुदायिक केंद्रे आणि विनामूल्य सॉफ्टवेअर यांना सवलत. निवड होईपर्यंत दोन मानकांमध्ये स्पर्धा आहे आणि अटी मागण्याची ताकद सरकारच्या हाती आहे. एकदा मानक ठरले आणि संच बाजारात आले की अटी ठरवण्याचा अधिकार पेटंटधारकांकडे जाईल.