चांदरातीच्या बाजारात हिमरू कुठे आहे?

तरावीहची नमाज आटोपली की छत्रपती संभाजीनगरच्या सिटी चौक, शहागंज भागात पाय ठेवायला जागा उरत नाही. शेवया, सुका मेवा, अत्तर, बांगड्या, चपला, सगळ्यांचा धंदा होतो. या शहराची ओळख असलेला हिमरू मात्र या गर्दीत दिसत नाही. तो पर्यटकांची वाट पाहत कपाटात घडी घालून पडलेला असतो.

हिमरू म्हणजे सुती ताणा आणि रेशमी बाणा. सोन्या-चांदीच्या जरीचा किनखाब ज्यांच्या आवाक्यात नव्हता, त्यांच्यासाठी विणलेले हे कापड. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांसोबत ही कला इकडे आली, असे मानले जाते. आज हातमागावर हिमरू विणणारी घरे मोजकीच उरली आहेत.

गेल्या ईदला मी मामूंसाठी एक शाल घेतली. दुकानदाराने ‘अस्सल हिमरू’ म्हणून दिली. तरुणपणी मागावर बसलेल्या मामूंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि एवढेच म्हणाले, “बेटा, ये मशीन का है.” पैशांपेक्षा त्यांचा उतरलेला चेहरा मला जास्त लागला.

प्रेषितांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ते वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपण दर रमजानमध्ये ऐकतो. मग यंत्रमागाचा माल वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या किमतीला ठेवायला काय हरकत आहे? स्वस्त माल विकणे गैर नाही. तो हातमागाचा म्हणून विकणे गैर आहे. लहान दुकानाकडे जाहिरातीला पैसा नसतो. त्याची जाहिरात म्हणजे ग्राहकाचा विश्वास.

विश्वास असेल तर बाकीचे सुचते. प्रत्येकाला शाल परवडणार नाही. पण उरलेल्या तुकड्यांतून ईदीचे लिफाफे, कुरआन शरीफसाठी जुजदान, टोप्या, अत्तराच्या कुपीची थैली होऊ शकते. त्यासोबत कोणी विणले, किती दिवस लागले, हे मराठी आणि उर्दूत लिहिलेली चिठ्ठी द्यावी. हेच लिफाफे भाऊबीजेच्या ओवाळणीलाही चालतील. हातमागाला घाई चालत नाही, म्हणून शालींची मागणी शाबानच्या आधीच नोंदवून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. येत्या काही वर्षांत तो थंडीत येईल. 2030 मध्ये तर जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या अखेरीस, असा दोनदा सुरू होईल. सहरीच्या गारठ्यात खांद्यावर शाल हवीच. हिमरूसाठी याहून चांगला हंगाम कोणता?

मात्र विणकराची मजुरी ईदनंतरच्या हिशेबावर ढकलू नये. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचा मोबदला द्या, ही शिकवणही आपलीच आहे. ज्याने आपल्यासाठी शाल विणली, त्याच्या मुलांच्या अंगावरही ईदला नवे कपडे असावेत. बरकत तिथूनच सुरू होते.