ऑपरेशनची तारीख मिळाली, पण भीतीचे काय?

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले की घरचे लोक पैसे, कागदपत्रे आणि रक्ताची सोय यांच्या मागे धावतात. ज्याचे ऑपरेशन असते तो मात्र रात्रभर जागा असतो. शेजारी भेटायला येतात आणि अमक्याचे काय बिघडले ते सांगून जातात. आमच्या वस्तीतील एका ताईंनी पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन भीतीपोटी दोनदा पुढे ढकलले. शेवटी मध्यरात्री कळ उठली आणि त्यांना रिक्षातून न्यावे लागले. ताई बऱ्या झाल्या. पण जे शांतपणे व्हायचे ते धावपळीत झाले.

भीती वाटणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. भीतीने छाती धडधडते, रक्तदाब चढतो, झोप उडते, स्नायू आवळतात. ऑपरेशननंतर पोट आवळून धरले की टाके जास्त दुखतात. म्हणून आम्ही म्हणतो, पैशांची तयारी करता तशी मनाचीही करा.

ही हवेतली गोष्ट नाही. 1964 साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील भूलतज्ज्ञांनी पोटाचे ऑपरेशन होणाऱ्या काही रुग्णांना आधीच भेटून सांगितले : कुठे दुखेल, का दुखेल, श्वास कसा घ्यायचा, पोट सैल कसे सोडायचे. बाकीच्यांना हे सांगितले नाही. ज्यांना सांगितले, त्यांना वेदनाशामक औषध जवळपास निम्मेच लागले आणि ते घरीही लवकर गेले.

घरी करायचे ते सोपे आहे. ऑपरेशनच्या आठवडाभर आधीपासून रोज पंधरा मिनिटे काढा. आडवे पडा, डोळे मिटा. श्वास सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा. रोखून धरू नका. मग पावलांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडा. नंतर आवडती जागा मनात आणा : गावची विहीर, वडाची सावली, विहारातली पहाट. तिथे काय दिसते, कसला आवाज येतो, वारा कसा लागतो ते अनुभवा. जमत नसेल तर घरातल्या कुणीतरी हळू आवाजात हे वर्णन सांगावे. विहारात आनापानसती शिकलेल्यांना श्वासाकडे लक्ष देणे नवे नाही.

पण एक स्पष्ट सांगतो. हा मंत्र नाही आणि अंगाराही नाही. याने खडा विरघळत नाही, भूल टळत नाही. डॉक्टरांची औषधे, उपाशी राहण्याची वेळ, सगळे पाळायचेच. तंबाखू, दारू, चालू गोळ्या लपवायच्या नाहीत. ऑपरेशननंतर दुखले तर सोसत बसू नका, सिस्टरला सांगा.

आणि प्रश्न विचारा. भूल कोणती देणार? शुद्ध कधी येईल? किती दिवस दुखेल? सरकारी दवाखान्यात गर्दी असते हे आम्हाला ठाऊक आहे. पण आपल्या शरीराचे काय होणार हे जाणून घेणे हा आपला हक्क आहे, ती कुणाची मेहेरबानी नाही. विचारायला संकोच वाटत असेल तर शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्या, प्रश्न कागदावर लिहून न्या.

यापुढे ऑपरेशन होणाऱ्या माणसाला भेटायला जाल तेव्हा भीतीच्या गोष्टी दाराबाहेर ठेवा. पंधरा मिनिटे त्याच्याजवळ शांत बसा. फळांच्या पिशवीपेक्षा त्याला त्याचीच जास्त गरज असते.